घोडे पागेचे, संघ मुलींचा : केडगावच्या महाविद्यालयीन मुलींच्या पोलो संघासाठी मागणीपत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष, जिल्हा क्रीडा परिषद, अहिल्यानगर
मा. आयुक्त, अहिल्यानगर महानगरपालिका
मा. संचालक, क्रीडा व शारीरिक शिक्षण मंडळ, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ
मा. जिल्हा क्रीडा अधिकारी व मा. पशुसंवर्धन उपआयुक्त, अहिल्यानगर

विषय : केडगाव परिसरात सामाईक पागा, पोलोचे लहान मैदान व महाविद्यालयीन मुलींचा पोलो संघ उभा करण्याबाबत.

महोदय, महोदया,

केडगावातून आणि आसपासच्या गावांतून रोज शहरातल्या महाविद्यालयांत जाणाऱ्या विद्यार्थिनी, त्यांचे आईवडील, निवृत्त क्रीडाशिक्षक आणि घोडी बाळगणारी काही मेंढपाळ कुटुंबे मिळून आमची संघटना झाली आहे. आमचे मागणे एका वाक्यात मावते. केडगाव परिसरात सार्वजनिक मालकीची पागा व्हावी आणि तिच्या घोड्यांवर मुलींचा पोलो संघ घडावा.

हे मागणे ऐकताच बहुतेक जण म्हणतात, पोलो हा राजेरजवाड्यांचा आणि लष्करातल्या अधिकाऱ्यांचा खेळ, केडगावच्या मुलींचा त्याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे, म्हणून आधी त्याचेच उत्तर देतो. पोलो महाग आहे तो घोड्यामुळे. काठी, चेंडू, शिरस्त्राण यांचा खर्च इतर खेळांच्या साहित्यासारखाच भागवता येतो. घोडा मात्र विकत घ्यावा लागतो, रोज खाऊ घालावा लागतो आणि खेळ नसला तरी त्याची निगा चुकत नाही. त्यातून एका सामन्याला एका खेळाडूला एक घोडा पुरतही नाही. तेव्हा खरा प्रश्न एवढाच आहे की घोडा कोणाचा असावा. तो खेळाडूच्या मालकीचा असलाच पाहिजे असे धरले, तर पोलो श्रीमंतांचाच राहील. घोडा संस्थेचा असला, तर जिच्या घरी सायकलही नाही ती मुलगीसुद्धा पोलो खेळू शकते. ही नुसती कल्पना नाही. महाविद्यालयीन मुलींनी ती मैदानावर खरी करून दाखवली आहे.

अमेरिकेत बायकांना या खेळाचे दार सहजासहजी उघडले नाही. कॅलिफोर्नियातल्या सू सॅली हेल यांनी सुमारे वीस वर्षे पुरुषाच्या वेशात पोलो खेळला. केस शिरस्त्राणात खोचायचे, काजळाने मिशी रंगवायची, ढगळ सदरा घालायचा आणि ‘ए. जोन्स’ या नावाने संघात नाव लावायचे. सामना संपला की हा खेळाडू नाहीसा व्हायचा. अखेर १९७२ साली तिथल्या पोलो संघटनेने त्यांना रीतसर सभासद करून घेतले. त्याच दशकात महाविद्यालयीन मुलींच्या स्वतंत्र राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या आणि पुढे कनेक्टिकट, कॉर्नेल, व्हर्जिनिया, टेक्सास ए अँड एम या विद्यापीठांतल्या मुलींच्या संघांनी विजेतेपदे मिळवली. या संघांचे चषक मोलाचे आहेतच. पण आम्हाला त्याहून मोलाची वाटते ती त्यांच्या सामन्यांची रीत. हे सामने आखीव रिंगणात, तीन विरुद्ध तीन असे होतात. घोडे यजमान विद्यापीठ पुरवते. ते दोन तुकड्यांत वाटले जातात आणि पुढच्या चक्करींत, म्हणजे सामन्याच्या पुढच्या डावांत, तुकड्यांची अदलाबदल होते. आधी एका संघाने ज्या घोड्यांवर स्वारी केली, त्यांच्यावरच नंतर दुसरा संघ बसतो. त्यामुळे पाहुण्या संघाला घोडे घेऊन शेकडो मैल जावे लागत नाही, आणि चांगल्या घोड्यामुळे कोणी जिंकले असेही म्हणता येत नाही. जिंकते ती स्वारी, काठीवरची पकड आणि संघाचा मेळ. अनेक विद्यापीठांत या खेळाडू मुली तबेला झाडतात, दाणापाणी करतात, घोड्यांना खरारा करतात. घोडा त्यांच्या नावावर नसतो, पण त्याची जबाबदारी त्यांच्यावर असते.

महाराष्ट्राला ही व्यवस्था परकी वाटण्याचे कारण नाही. शिवकाळात घोडदळात शिलेदार आणि बारगीर असे दोन प्रकारचे स्वार होते. शिलेदाराचा घोडा आणि हत्यार त्याचे स्वतःचे असे. बारगिराला घोडा मिळे सरकारी पागेतून. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, आणि त्यांच्यासाठी एक पखालजी व एक नालबंद अशी नेमणूक सभासदाच्या बखरीत नोंदलेली आहे. ज्याच्या घरी घोडा घेण्याची ऐपत नव्हती, पण अंगात स्वारी होती, त्याला या पागेने उभे केले. अमेरिकेतली महाविद्यालयीन खेळाडू आज व्यवहारात बारगीरच आहे. आम्ही केडगावच्या मुलींसाठी तीच जागा मागत आहोत.

घोडेही दूरचे नाहीत. भीमथडी ही भीमेच्या खोऱ्यात वाढलेली आणि मराठ्यांच्या मोहिमांत नाव कमावलेली जात. करनालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने अलीकडेच तिला स्वतंत्र देशी जात म्हणून मान्यता दिली. ज्या जिल्ह्यांत ती आढळते त्यांत पुणे, सातारा, सोलापूर यांच्याबरोबर आपला जिल्हा आहे. अंगाने लहान, पायाने पक्का, थोडक्या चाऱ्यावर तग धरणारा असा हा घोडा. आज तो प्रामुख्याने धनगर मेंढपाळांच्या वाड्याबरोबर बिऱ्हाड वाहतो. त्याच्यावर ओझे लादणे, त्याला हाकणे, रात्री बांधणे ही कामे त्या वाड्यांतल्या बायकाच करतात. आमच्या संघटनेतल्या मेंढपाळ घरच्या मुली घोड्याला भीत नाहीत. त्यांना घोड्याच्या पाठीवरच्या खेळात कधी कोणी बोलावले नाही, एवढेच.

एवढा बुटका घोडा पोलोला चालेल का, अशी शंका जाणकार घेतील. तिचे उत्तर मणिपूरने दिले आहे. आजचा पोलो ज्या ‘सगोल कांगजेई’तून घडला, तो खेळ मणिपुरी लोक अकरा ते तेरा मुठी उंचीच्या तट्टांवर खेळत आले. कछारमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांनी तो त्यांच्याकडून उचलला आणि १८५९ मध्ये सिल्चरला क्लब काढला. भीमथडीची उंची या मणिपुरी तट्टाच्या जवळपासच जाते. २०१६ साली इम्फाळच्या मापाल कांगजेइबुंग मैदानावर राज्य स्थापनादिनानिमित्त महिलांची पोलो स्पर्धा भरली आणि तिथल्या मुली परदेशी संघाविरुद्ध याच तट्टांवर खेळल्या. मणिपूरचे उदाहरण आणखी एका कारणासाठी डोळ्यांपुढे ठेवावे. मणिपुरी तट्टांची संख्या २००३ मध्ये १,८९८ होती, २०१२ मध्ये ती १,१०१ वर आली. चरायला कुरणे उरली नाहीत, तट्टू रस्त्यांवर आले. जात वाचवायची तर तिला काम हवे, हे तिथल्या लोकांनी ओळखले आणि खेळाला जोर दिला. भीमथडीच्या बाबतीत आपण आकडे घसरायची वाट पाहू नये. मेंढपाळांचे बिऱ्हाड टेम्पोतून जाऊ लागले आहे. घोड्याला दुसरे काम मिळाले नाही, तर मान्यतेचा कागद राहील आणि घोडा जाईल.

आता या शहराचा हक्क. नगर शहर घोडदळाच्या परंपरेचे आहे. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल इथे आहे, रणगाड्यांचे संग्रहालय इथे आहे, आणि आज रणगाडे चालवणाऱ्या पूना हॉर्स, डेक्कन हॉर्स या रेजिमेंटांच्या नावातला घोडा अजून तसाच आहे. १५९५-९६ मध्ये मुघल फौजेपुढे नगरचा किल्ला लढवणारी चाँदबीबी घोड्यावर, हातावर ससाणा घेतलेली, अशी इ.स. १७०० च्या सुमाराच्या एका दख्खनी चित्रात दिसते. हे चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. मुघल आणि दख्खनी लघुचित्रांत घोड्यावरून चौगान, म्हणजे जुन्या काळचा पोलो, खेळणाऱ्या स्त्रियाही रंगवलेल्या आहेत. ज्यांचे नाव जिल्ह्याला दिले, त्या अहिल्याबाई जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या लेक. त्यांच्या नावाच्या जिल्ह्यात मुलींसाठी एक सार्वजनिक पागा नसावी, हे आम्हाला खरोखर लागते.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ मध्ये मुलींची पहिली तुकडी दाखल झाली आणि ३० मे २०२५ रोजी त्यांतल्या १७ जणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या. घोडेस्वारी तिथल्या शिक्षणाचा भाग आहे. म्हणजे आमच्या जिल्ह्यातली मुलगी प्रबोधिनीत पोचली तर तिला घोडा मिळतो. तिथवर पोचण्याआधी मात्र तिने त्याला हातही लावलेला नसतो. दुसरीकडे २०२३ च्या हांगझू आशियाई स्पर्धेत भारताने अश्वारोहणात ४१ वर्षांनी सुवर्ण मिळवले. ड्रेसाज या अश्वारोहण प्रकाराच्या त्या संघात इंदूरची सुदीप्ती हाजेला आणि जयपूरची दिव्यकृती सिंह या दोन मुली होत्या. त्यांच्या यशाचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या संघातल्या चौघांनाही युरोपात राहून सराव करावा लागला, हेही खरे आहे. जिच्या घरच्यांना मुलीला युरोपात ठेवणे शक्य नाही, तिच्यासाठी आपल्या राज्याने दुसरी वाट बांधली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या अशा.

पहिली, आणि जिच्यावर बाकी सगळे उभे आहे ती मागणी पागेची. रिंगणातल्या सामन्यात एका वेळी सहा घोडे उतरतात. कोणत्याही घोड्याने लागोपाठ दोन चक्करी खेळू नये हा पोलोतला जुना दंडक आहे, आणि आम्हाला तो मोडायचा नाही. म्हणून पूर्ण सामन्यासाठी बारा घोडे लागतील. सुरुवात सहा घोड्यांनी करावी. ते जिल्हा क्रीडा परिषदेच्या किंवा विद्यापीठाच्या मालकीचे असावेत. खासगी क्लबला पागा चालवायला देऊ नये, कारण तसे झाले की पहिल्याच वर्षी शुल्क लागते आणि आमच्या मुली बाहेर होतात. घोडे घेताना सारंगखेड्याच्या बाजारातल्या देखण्या, महागड्या जनावरांमागे जाऊ नये. जिल्ह्यातल्या मेंढपाळांकडून तरुण भीमथडी घोड्या योग्य किमतीला घ्याव्यात. जगभर पोलोत नर घोड्यांपेक्षा माद्याच अधिक वापरल्या जातात, आणि पुढे पैदाशीसाठीही त्या उपयोगी पडतील. ज्यांना घोडी विकायची नाही त्यांच्याकडून हंगामापुरती भाड्याने घ्यावी. बरेच मेंढपाळ दिवाळीनंतर कोकणाकडे उतरतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर देशावर परततात. महाविद्यालयाचे पहिले सत्र नेमके ते देशावर असतात त्याच महिन्यांत असते.

भीमथडी पोलोला उतरेल असा आमचा विश्वास आहे, पण विश्वासावर जनावराला राबवू नये. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या सल्ल्याने सहा महिने चाचणी घ्यावी. किती वजनाची स्वार, किती वेळ, कोणत्या जमिनीवर, हे तज्ज्ञांनी ठरवावे. चाचणीत जात कमी पडली, तर इतर देशी घोडे घेता येतील. पागेवर मोतद्दार आणि नालबंद कायम असावेत, चाबुकस्वार ठरावीक दिवशी यावा. शहरातल्या पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालयातला एक डॉक्टर पागेसाठी नेमून द्यावा. पोटशुळाने घोडा काही तासांत दगावू शकतो. त्या वेळी अर्ज करून डॉक्टर मागवायला सवड नसते. ग्लँडर्ससारखा रोग घोड्यातून माणसालाही होतो, म्हणून त्याची रक्ततपासणी पागेत शिरण्याआधी आणि नंतरही ठरलेल्या काळाने व्हावी. वय झालेल्या घोडीला ओझ्याच्या कामासाठी विकू नये, तिचा शेवटपर्यंतचा सांभाळ पागेने करावा, ही अट कागदावर असावी असा मेंढपाळ कुटुंबांचा खास आग्रह आहे.

दुसरी मागणी मैदानाची. पोलोच्या पूर्ण मैदानाला जवळजवळ दहा एकर जागा लागते. ती शहराजवळ मिळणार नाही हे आम्ही जाणतो आणि मागतही नाही. रिंगणाचे मैदान ३०० फूट लांब आणि १५० फूट रुंद असते, म्हणजे सुमारे ४१ गुंठे. महापालिकेच्या केडगाव हद्दीत क्रीडांगणासाठी आरक्षित जागा पाहावी, किंवा बाबुर्डी घुमट येथील विद्यापीठ उपकेंद्राच्या आवारात जागा द्यावी. विद्यापीठाच्या जागेत पागा आणि मैदान शेजारी राहतील, म्हणून ती आम्हाला अधिक पसंत आहे. गवताची गरज नाही, वाळू-मातीचा भुसभुशीत थर आणि चार फुटांचे लाकडी कुंपण पुरते. जिल्हा वार्षिक योजनेतून क्रीडांगण विकास अनुदान दरवर्षी दिले जाते. त्यात या कामाची तरतूद करावी.

तिसरी मागणी शिकवणाऱ्या माणसांची. लष्कराकडून आम्ही घोडे मागत नाही. जिल्हा प्रशासनाने लष्करी अधिकाऱ्यांशी बोलून स्वारीचे निवृत्त शिक्षक मिळवून द्यावेत, ही विनंती आहे. प्रशिक्षकांत किमान एक स्त्री असावी. घोडे येईपर्यंत थांबण्याचे कारण नाही. पोलोचा पहिला सराव बहुतेक ठिकाणी लाकडी घोड्यावर होतो. जाळी लावलेल्या उतरत्या खड्ड्यात लाकडी घोडा उभा करतात, मारलेला चेंडू घरंगळत पुन्हा काठीपाशी येतो. असे दोन घोडे केडगाव औद्योगिक वसाहतीतले सुतार-लोहार सहज करून देतील. आपण परवानगी दिली तर ते काम आम्ही लोकवर्गणीतून करू.

सायकल पोलोलाही याच केंद्रात जागा द्यावी. चेंडू आणि काठीचा अंदाज, अडवण्याचे नियम, आपल्या माणसाची जागा ओळखणे हे सायकलवर शिकता येते. केंद्र सरकारने २०२० मध्ये खेळाडूंच्या नोकरभरतीसाठी मान्य खेळांची यादी ४३ वरून ६३ वर नेली, तेव्हा सायकल पोलोचा तीत समावेश झाला. पोलो त्याआधीपासून होताच. म्हणजे या मुलींच्या मेहनतीला नोकरीचाही रस्ता आहे. केडगावातल्या पालकांना हे सांगावे लागते आणि सांगायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

चौथी मागणी मुलींच्या सुरक्षिततेची, आणि तिच्यावर आम्ही सर्वांत कमी तडजोड करू. डिसेंबर २०२२ मध्ये सबज्युनिअर राष्ट्रीय सायकल पोलो स्पर्धेसाठी नागपूरला आलेली केरळची दहा वर्षांची खेळाडू आजारी पडून दगावली. त्या संघाच्या मान्यतेवरून आणि राहण्या-जेवणाच्या सोयीवरून संघटनांमध्ये वाद होता, प्रकरण न्यायालयापर्यंत गेले होते. ती मुलगी आपल्या राज्यात पाहुणी होती. संघटनांची भांडणे मुलींच्या अंगावर येता कामा नयेत. म्हणून संघ बाहेरगावी जाईल तेव्हा निवास, जेवण आणि डॉक्टर यांची लेखी हमी मिळाल्याशिवाय तो निघू नये, बरोबर स्त्री व्यवस्थापक असावी, आणि प्रत्येक खेळाडूचा अपघात विमा पागेत पहिले पाऊल टाकण्याआधी उतरवलेला असावा. शिरस्त्राण आणि गुडघ्यांची ढाल घातल्याशिवाय कोणीही घोड्यावर बसू नये, सरावातसुद्धा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात क्रीडासंस्था, क्रीडासंकुल आणि स्पर्धेची जागा यांचा स्पष्ट उल्लेख आहे. पागा सुरू होईल त्या दिवशी तिथे तक्रार समिती असावी आणि तिच्या सदस्यांची नावे, दूरध्वनी क्रमांक दारावर लिहिलेले असावेत.

पाचवी मागणी विद्यापीठाकडे. आंतरमहाविद्यालयीन क्रीडा कार्यक्रमात मुलींच्या रिंगण पोलोला प्रायोगिक खेळ म्हणून स्थान द्यावे, आणि खेळाडूंना इतर खेळांप्रमाणे हजेरीची सवलत मिळावी. पहिली दोन-तीन वर्षे एकच पागा असेल, तेव्हा राधाबाई काळे महिला महाविद्यालय, अहमदनगर महाविद्यालय, न्यू आर्ट्स, सारडा महाविद्यालय अशा सर्व महाविद्यालयांच्या मुलींनी त्याच घोड्यांवर आलटून पालटून खेळावे. यजमानाचे घोडे दोन्ही संघांनी वापरण्याची रीत वर सांगितलीच आहे. पुढे पुणे, बारामती, राहुरी अशा ठिकाणी पागा झाल्या, तर आमच्या मुली खोगीर आणि काठी घेऊन एसटीने सामन्याला जातील.

पागेत शुल्क नसावे. त्याऐवजी प्रत्येक खेळाडूने आठवड्यातले ठरावीक तास पागेत काम करावे, आणि हे काम न करणारीला संघात घेऊ नये, मग तिची स्वारी कितीही चांगली असो. निवडीत मेंढपाळ कुटुंबांतल्या आणि शेतमजुरांच्या मुलींसाठी काही जागा राखून ठेवाव्यात. त्यांपैकी बऱ्याच जणी दहावी-बारावीनंतर शिक्षण सोडतात. पागेमुळे त्यांचे महाविद्यालय टिकले, तर हा खर्च केवळ क्रीडा खात्याचा राहणार नाही.

या मागण्यांवर चर्चेसाठी जिल्हा नियोजन समितीच्या पुढील बैठकीपूर्वी आम्हाला वेळ द्यावी. बैठकीला क्रीडा, पशुसंवर्धन, महापालिका आणि विद्यापीठ या चारही ठिकाणचे अधिकारी एकत्र असावेत. एकेका कार्यालयात स्वतंत्र गेलो की प्रत्येक जण दुसऱ्याचे नाव सांगतो. जागेचा नकाशा, पागेचा आराखडा आणि घोडी द्यायला तयार असलेल्या मेंढपाळ कुटुंबांची यादी आम्ही बैठकीत सादर करू. लाकडी घोड्याच्या सरावासाठी तात्पुरती जागा मात्र त्याआधीच मिळावी, कारण नवे सत्र सुरू होताच मुली सरावाला येणार आहेत.

आपले,
संघटनेच्या पदाधिकारी, विद्यार्थिनी, पालक व मेंढपाळ सदस्य
केडगाव, अहिल्यानगर